निकाल लागला, आता त्याचा षड्ज शोधा

चिपळूणजवळच्या एका गावातून एका संगीत शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून इथे देते.

"मी ९ वर्षं घरी गायनाचा क्लास घेते. नोव्हेंबरच्या सत्रात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गायनाच्या परीक्षेला माझी १४ मुलं बसली होती, प्रारंभिक या पहिल्या पायरीपासून मध्यमा प्रथम या चौथ्या पायरीपर्यंत. गेल्या आठवड्यात निकाल आला. चौघींना विशेष योग्यता, सहा जणांना प्रथम श्रेणी, तिघांना द्वितीय श्रेणी आणि एक जण नापास. नापास झालेला मुलगा १३ वर्षांचा आहे, मध्यमा प्रथमला होता. त्याच्याइतका रियाज माझ्याकडे कोणीच करत नाही. गणपतीपासून त्याचा घसा बसल्यासारखा होता, पण मला वाटलं, होईल बरा. केंद्रावर अंतऱ्यात वरच्या 'सा'ला आवाज चिरकला आणि मग त्याला पुढचं काही सुचेना. उलट विशेष योग्यता मिळवणाऱ्यांपैकी एक मुलगी परीक्षेच्या आधी जेमतेम महिनाभर वही उघडते. तिच्या आईने गुणपत्रकाचा फोटो क्लासच्या ग्रुपवर टाकला. मी 'अभिनंदन' लिहिलं. पाठोपाठ आणखी तीन फोटो आले, त्यांनाही लिहिलं. बाकीच्यांनी फोटो टाकले नाहीत आणि मीही काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी द्वितीय श्रेणी मिळालेल्या एका मुलीच्या आईचा फोन: दोघी एकाच वेळेला, एकाच सतरंजीवर बसून शिकतात, मग आमच्या मुलीला १३ गुण कमी कसे? आम्ही चिपळुणातल्या क्लासचा विचार करतोय. तो मुलगा तर निकालापासून क्लासला आलेलाच नाही. मला झोप लागत नाही. मी शिकवायला कमी पडले का? परीक्षांना बसवणंच बंद करू का? आणि त्या मुलाला मी काय सांगू?"

प्रिय ताई,

आधी त्या मुलाला फोन करा. बाकीचं पत्र नंतर वाचा.

फोन आईने उचलला तरी "त्याच्याकडे द्या जरा" म्हणा. निकालाबद्दल काही बोलू नका. "गुरुवारी नेहमीच्या वेळेला ये, मला तुझा आवाज ऐकायचाय," एवढं पुरे. "काही हरकत नाही, पुढच्या वेळी होईल" असं तर अजिबात म्हणू नका. ज्याने रोज पहाटे उठून पलटे, म्हणजे स्वरांच्या सरावाच्या ओळी, घोटले, त्याला हरकत आहे. आपल्या बाईंना ती वाटत नाही असं दिसलं, तर त्याचं दुःख आणखी एकटं पडेल. "परीक्षक कडक होते" हेही नको. ते खरं असो वा नसो, मुलाच्या हाती त्यातून काही लागत नाही.

आता त्याच्या घशाबद्दल. तुम्ही ते एका वाक्यात लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. मुलगा १३ वर्षांचा, गणपतीपासून आवाज बसलेला, वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, चिरकतो. ताई, त्याचा घसा बसलेला नाही, आवाज फुटतो आहे. साधारण १२ ते १५ या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हे एका रात्रीत होत नाही. कित्येक महिने आवाज दोन डगरींवर पाय ठेवून असतो. आज लागलेला स्वर उद्या लागत नाही. बोलताना ठीक वाटणारा आवाज गाताना मधेच दगा देतो, आणि तोही नेमका वरच्या पट्टीत. आपल्या बहुतेक बंदिशींचा अंतरा, म्हणजे दुसरा भाग, तार षड्जाकडेच चढतो, म्हणून स्थायी हा पहिला भाग निभावला आणि अंतऱ्यात तो कोसळला.

मग कमी पडलं कोण? तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट लिहिते. यात परीक्षकाचा दोष नाही, मुलाचा तर मुळीच नाही. नोव्हेंबरचा फॉर्म भरताना आपण त्याला थांबवायला हवं होतं. आपण म्हणते, कारण हीच चूक मी केली आहे आणि तुमच्यापेक्षा वाईट प्रकारे. माझ्याकडे असाच एक मुलगा होता. आवाज घोगरा झाला तेव्हा मला वाटलं रियाज कमी पडतोय, म्हणून मी त्याला रोज तार सप्तकातले पलटे द्यायला लागले. आवाज फाटला की मी पुन्हा म्हणायला लावायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. आज कुठे भेटला तर वाकून नमस्कार करतो, घरचं सगळं विचारतो, गाण्याचा विषय मात्र काढत नाही. माझ्या ३१ वर्षांच्या क्लासमध्ये मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट ती आहे. तुमचा मुलगा अजून हातचा गेलेला नाही, म्हणून सगळ्यात आधी त्याच्याबद्दल लिहिते आहे.

गुरुवारी तो आला की पेटी घेऊन बसा. तो आतापर्यंत काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर षड्ज धरून, गात असणार. तिथून सुरुवात करा आणि एकेक पट्टी खाली या: पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन, काळी दोन. प्रत्येक ठिकाणी त्याला षड्ज लावायला सांगा, मग सावकाश खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातला 'प') आणि वर मध्य पंचमापर्यंत (मधल्या सप्तकातला 'प') जाऊ द्या. आवाज मोठा नको, गुणगुणल्यासारखा. जिथे दोन्हीकडे ताण येत नाही, ती त्याची या महिन्याची पट्टी. ती काळी एकपर्यंत खाली गेली तरी बिचकू नका, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा शोधा, कारण ती सरकत राहील. त्याला हे सगळं नीट समजावून सांगा. या वयाच्या मुलांना आपल्या शरीराबद्दल कोणी सरळ बोलत नाही. आवाज गेला नसून बदलतो आहे आणि बदलून स्थिर होणार आहे, हे बाईंच्या तोंडून कळलं की अर्धं ओझं उतरतं. घसा दुखत असेल, किंवा बोलतानाही आवाज उमटत नसेल, तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवायला सांगा.

या काळात त्याला काय गायला द्यायचं? खाली नांदणारं. उदाहरणाला भूप आणि देशकार हे राग घ्या. स्वर दोघांचे तेच पाच, पण भूप गंधाराभोवती पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, रमतो आणि देशकार धैवताला धरून वरच्या अंगाला जातो. या मुलाला सध्या देशकार नको, भूप द्या, तोही मंद्र धैवताकडे झुकत गायलेला. मालकंसाचा मंद्रातला भाग द्या, शांत बसून एकेक स्वर ठरवत. अंतरा सहा महिने नाही गायला तरी चालेल. पेटीवर बोट बसवून घ्या, ताल लिहायला द्या, लहान मुलांना सरगमगीत शिकवताना शेजारी बसवा. एप्रिल-मेच्या सत्राला त्याचा फॉर्म भरू नका, घरच्यांनी कितीही म्हटलं तरी. पुढच्या नोव्हेंबरला आवाज स्थिरावला असेल तर बघू. तो आठवीत असेल, या परीक्षांमुळे दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांचं घरी बोलणं चाललं असेल, तर आईवडिलांना समोर बसवून वर्षं मोजून दाखवा. हिशेबाला वेळ आहे. गळ्यावर आत्ता बळजबरी केली तर पुढच्या परीक्षांना बसायला गायकच उरणार नाही.

आता तुमच्या ग्रुपबद्दल. तुम्ही म्हणता "मीही काही बोलले नाही". ताई, ते न बोलणं सगळ्या घरांत ऐकू गेलं. चार जणींना अभिनंदन आणि दहा जणांना काही नाही. त्यातले सहा तर प्रथम श्रेणीत आहेत, आणि आपलं काहीतरी कमी पडलं असं त्यांनाही वाटलं असणार. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे मला कळतं. पण निकालाच्या दिवशी मूल कागदाआधी बाईंच्या तोंडाकडे बघतं. फार वर्षांपूर्वी मी क्लासच्या दारामागच्या फळ्यावर गुणांच्या उतरत्या क्रमाने नावं लिहायची. आपला क्लास किती चांगला चालतो हे पालकांना दिसावं म्हणून. एका निकालाला सगळ्यात खाली नाव असलेली मुलगी आली, फळा वाचला, चप्पल परत पायात सरकवली आणि गेली. तिच्या मागे जिन्यापर्यंत गेले, पण काय बोलायचं ते मला सुचलं नाही. त्या संध्याकाळी मी तो फळा उतरवला. तेव्हापासून निकाल मी प्रत्येकाला वेगळा सांगते, शक्यतो समोर बसवून, आणि गुणांच्या आधी त्याच्या गाण्यातली एक गोष्ट सांगते: तुझा कोमल निषाद आता नेमका लागतो, तुझी दुप्पट लय (दुगुण) आता अडखळत नाही. ही गोष्ट खरी मात्र हवी. मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं.

तुम्हीही या आठवड्यात तसंच करा. १४ मुलं आहेत, प्रत्येकाला दहा मिनिटं. ग्रुपवर एवढंच लिहा की यापुढे निकालाचे फोटो इथे नकोत, मी प्रत्येकाशी स्वतः बोलणार आहे. एखाद्या आईला राग येईल. येऊ दे.

द्वितीय श्रेणीतल्या तिघांबद्दल तुम्ही पत्रात पुढे लिहिलं आहे की तिघांचाही ताल कच्चा राहिला, हातावर ताली-खाली (टाळीच्या आणि रिकाम्या हाताच्या जागा) दाखवून दुगुण म्हणताना तिघंही चुकले, आणि तुमच्याकडे तबलजी नाही, सगळं मोबाइलच्या ठेक्यावर चालतं. एक मूल एका जागी चुकलं तर ते त्या मुलाचं. तीन मुलं एकाच जागी चुकली तर ते आपल्या शिकवण्याचं. हे वाचून खचू नका. या निकालातली ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे, कारण ती दुरुस्त करता येते.

मोबाइलच्या ठेक्याची अडचण अशी की तो मुलांसाठी थांबतही नाही आणि मुलांना ओढतही नाही. मुलं बटण दाबतात आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की सुरू होतात. केंद्रावर खरा तबलजी भेटतो. त्याची लय किंचित निराळी असते, डग्ग्याची घुमार निराळी असते, आणि मुलं बावरतात. महिन्यातून दोनदा तरी कोणी तबल्याचा विद्यार्थी गावातून मिळतो का बघा. त्यालाही साथीचा सराव होतो. आणि रोजच्या तासाची पहिली दहा मिनिटं नुसत्या हाताला द्या. तीनताल लावा, मधेच बंद करा आणि विचारा, "कितवी मात्रा?" दोन आवर्तनं ठेका बंद ठेवून हातावर मोजायला लावा, मग पुन्हा चालू करा आणि बघा कोण समेवर आहे. मध्यलयीच्या कितीतरी बंदिशी खालीपासून, ९व्या मात्रेवरून उठतात. मुलांना तो उठाव पाठ असतो, पण आपण ९व्या मात्रेवर आहोत हे माहीत नसतं. ते कळलं की दुगुण आपोआप सुधारते. झपताल तर मुलांना बोलायला आवडतो, दोन-तीन-दोन-तीन अशा त्याच्या पावलांमुळे. तिथून सुरू केलंत तर दहा मिनिटं खेळासारखी जातील.

केंद्रावरची आणखी एक गोष्ट. पुष्कळ मुलं समोर लावलेल्या तंबोऱ्याच्या पट्टीत मुकाट्याने गातात, ती आपली नसली तरी. मोठ्या माणसाला कसं सांगायचं म्हणून. माझ्याकडे प्रारंभिकच्या मुलांनासुद्धा मी हे वाक्य तोंडपाठ करून घेते: "सर, मला काळी चारचा षड्ज हवा आहे." परीक्षेच्या आधी शेजारच्या गावातल्या एखाद्या शिक्षकांना बोलवा आणि त्यांच्यासमोर मुलांना बसवा. अनोळखी चेहऱ्यासमोर एकदा गायलेलं मूल दुसऱ्यांदा निम्मंच घाबरतं. त्यांच्या मुलांना तुम्ही ऐका. दोघांचंही भलं होईल.

महिनाभर वही उघडणाऱ्या त्या मुलीची मला खरी काळजी वाटते. तिच्यावर रागावू नका, तिने काही फसवलेलं नाही. तिचं पाठांतर पक्कं आहे, आणि सुरुवातीच्या परीक्षांमध्ये पाठांतराला चांगले गुण मिळतात. वहीतले आलाप, वहीतल्या ताना, रागाची माहिती घडाघडा. हे सगळं विशारद या वरच्या परीक्षेपर्यंत पुरत नाही. तिथे राग उलगडून दाखवावा लागतो, आणि आयत्या आलापांवर वाढलेली मुलं त्या दारापाशी येऊन अडतात. मग त्यांना वाटतं आपल्याला गाणं येतच नव्हतं. तिला आत्ताच एक राग वही मिटून द्या. बागेश्रीचे चार स्वर सांगा आणि म्हणा, यांतून तू काय करतेस ते मला दाखव. पहिल्या दिवशी ती गप्प बसेल, बसू द्या. तिच्या आईला आजचे गुण दिसले आहेत, तुम्ही तिच्यासाठी पुढची पाच वर्षं बघा.

१३ गुणांची तक्रार करणाऱ्या आईंना फोनवर उत्तर देऊ नका, घरी बोलवा. मुलीलाही घेऊन या म्हणा. दुसऱ्या मुलीचं नावही काढू नका, त्या काढतील तेव्हा म्हणा, "तिच्याबद्दल मी तिच्या आईशी बोलेन." मग त्यांच्या मुलीला गायला सांगा, हातावर ताल धरायला लावा. कुठे अडतं ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. आणि तुम्ही काय बदलणार आहात ते सांगा: ताल, तबलजी, दहा मिनिटं. आईला हेच हवं असतं, आपल्या मुलीकडे कोणाचं तरी लक्ष आहे हे दिसायला हवं असतं. तरीही त्या चिपळूणला गेल्या तर मुलीला मनापासून निरोप द्या आणि नव्या शिक्षकांना तिचा ताल कच्चा आहे हे कळवा. हे करणं जड जातं, मला माहीत आहे. पण ती मुलगी अजूनही गाणारी आहे.

परीक्षा बंद करू का, असं तुम्ही विचारता. नका करू. विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गुरुगृही राहून गाणं मिळवलं. त्या काळी गाणं असंच मिळायचं, गुरूच्या मर्जीने आणि गुरूच्या घरात. त्यांनीच पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्ग घेतले, पुस्तकं छापली, पायऱ्या आखल्या. ज्याच्या घरात कोणी गात नाही त्याचंही मूल शिकू शकावं, अशी ती सोय होती. १९३१ साली ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्याच मंडळाचं गुणपत्रक आज तुमच्या हातात आहे. तुमच्या गावातल्या मुलांना पहिली पायरी कुठे आहे आणि दुसरी कुठे, हे या अभ्यासक्रमामुळेच कळतं. फक्त १४ मुलांचे १४ फॉर्म एका दिवशी भरायचं थांबवा. जो तयार आहे तो बसेल, जो नाही तो पुढच्या सत्राला. मी हल्ली फॉर्म भरण्याआधी प्रत्येकाला एकट्याने पंधरा मिनिटं ऐकते, परीक्षक ऐकतील तसं, मधे न बोलता. त्या पंधरा मिनिटांत मला जे कळतं ते वर्षभर सगळ्यांसोबत गाताना कळलेलं नसतं.

आणि तुमची झोप. १४ पैकी दहा जण प्रथम श्रेणीत किंवा त्याच्या वर आहेत, तरी तुम्हाला रात्री तो एकच आठवतो. चांगल्या शिक्षिकेला तोच आठवतो. त्याच्यासाठी काय करायचं हे आता तुम्हाला ठाऊक आहे, तिघांच्या तालाचं काय करायचं तेही. बाकीचं रात्री मनात घोळवण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

गुरुवारी पेटीवर बसलात की मला दोन ओळी लिहा. त्याचा षड्ज कुठल्या पट्टीत लागला, हे मला कळायला हवं आहे.